इनासकाकांची हातभर फळी

इनासकाका माणसांना आधी वजनाने ओळखत आणि मग नावाने.

माझी त्यांची पहिली भेट नायगावच्या धक्क्यावर झाली. खाडीतल्या एका बेटावरच्या प्राथमिक शाळेत माझी नेमणूक झाली होती. मी सोपाऱ्याच्या वाडीत वाढलेली. पाणी म्हणजे विहिरीचं नाहीतर पाटाचं, एवढीच माझी समज. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, हातात उघडलेली छत्री अशा थाटात मी धक्क्याच्या पायऱ्या उतरले. खाली होडीत एक उंचच उंच, रुंद पाठीचा माणूस उभा होता. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. मी संकोचून पदर सावरला, तेवढ्यात तो मागे बघून कुणाला तरी म्हणाला, "पंचेचाळीस किलो. हिला मदी बसव, डाव्या अंगाला."

आणि मग माझ्याकडे वळून, "बाय, ती छत्री मिट. वारा तुला उचलील, आनि मना तुज्यामागं उडी टाकायची हौस नाय."

मी शिक्षिका आहे, असं मी जरा ताठ्याने सांगितलं. "असशील," काका म्हणाले. "पन वजन तेवडंच."

पुढची कित्येक वर्षं मी त्या होडीने रोज सकाळी बेटावर गेले आणि रोज संध्याकाळी परत आले. जागा मात्र ठरलेली. मधोमध, डाव्या अंगाला. लग्नानंतर मी थोडी अंगाने भरले तेव्हा एके दिवशी काकांनी मला न बोलता उजव्या अंगाला सरकवलं. सासरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते सगळ्या होडीला कळलं.

होडी वल्ह्याची. सात-आठ माणसं बसली की भरली. बेटावरच्या लोकांचं दळणवळण तिच्यावरच. काही धीट मंडळी रेल्वेच्या पुलावरून पायी जात, पण म्हातारी माणसं, पोरंबाळं, आजारी, बाळंतिणी, सगळी काकांच्या होडीतूनच. ही 'तर', म्हणजे खाडीपार माणसं न्यायचं काम, त्यांच्या घराण्याकडे बापाच्या वेळेपासून होती. गावाने दिलेला मान होता तो, आणि काका तो मान असा काही मिरवत की सम्राटाने लाजावं. होडीत त्यांचे कायदे. 'बुडणं' हा शब्द उच्चारायचा नाही. उभं राहायचं नाही. भांडायचं असेल तर धक्क्यावर उतरून. शाळेतली तिसरी-चौथीची पोरं नायगावहून येत, ती सगळी होडीच्या पोटात खाली, ओळीने. तेरेझामावशी मासळीच्या टोपल्या घेऊन यायची. तिची जागा अगदी मध्यभागी, आणि ती एका बाजूला जराशी कलली तरी काका ओरडत, "तेरेझा, सरल बस. तू हललीस का खाडी हलते."

"तुझ्या तोंडात पानी पडो," मावशी म्हणायची आणि सरळ बसायची.

घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. साडेदहाला शाळा भरते हे त्यांना कधीच मान्य नव्हतं. पाणी फिरलं की शाळा भरते, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मुख्याध्यापकांनी सुरुवातीला वाद घातला, मग थकले आणि मस्टरवर मुकाट्याने वेळ लिहू लागले. नवीन पोर पहिल्यांदा होडीत बसलं की काका वल्हं थांबवत, खाडीचं पाणी ओंजळीत घेऊन पोराच्या कपाळाला लावत आणि म्हणत, "आता वलख झाली." हिंदू असो, ख्रिस्ती असो, सगळ्यांना. मलाही लावलं होतं. चर्चमधले फादर एकदा हसून म्हणाले, "इनास, माझं काम तू करतोस." त्यावर काका म्हणाले, "तुमी देवाशी वलख करून देता. मी पान्याशी. दोनी पायजेत."

रविवारी मिस्साला ते पहिल्या ओळीत उभे राहत आणि गाणं म्हणत. आवाज भरदार, पण ताल वल्ह्याचा. ओढ घेतल्यासारखं दोन शब्द म्हणायचे, श्वास सोडायचा, पुन्हा दोन शब्द. पेटी एकीकडे, काका दुसरीकडे. शेवटी पेटीवाल्या मास्तरांनीच शरणागती पत्करली आणि सगळं चर्च त्यांच्या तालावर गाऊ लागलं. नाताळच्या मिस्साला मी एकदा गेले होते. डोळे मिटले तर आपण खाडीत आहोत असं वाटत होतं.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे माप. फूट, इंच, मीटर हे सगळं त्यांना खोटं वाटे. माप म्हणजे हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि तोही इनासचा. वल्हं किती, तर चार हात. बाक किती रुंद, तर अर्धा हात. होडी त्यांच्या बापाने आपल्या हाताने मापून बांधून घेतली होती आणि बापलेकाची उंची तंतोतंत सारखी. त्यामुळे ती होडी म्हणजे काकांच्या अंगाला बेतलेला सदराच होता. वसईच्या बाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर कापडाच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने लोखंडी पट्टी काढली. काकांनी ती बाजूला सारून आपला हात कापडावर आडवा ठेवला.

"काका, मीटरमध्ये बोला," दुकानदार काकुळतीला आला.

"मीटर कोनाचा हात?" काकांनी विचारलं.

दुकानदाराने पट्टी परत ठेवून दिली. काकांनी हाताने मोजून कापड घेतलं आणि पुढचा आठवडाभर तो शर्ट सगळ्या होडीला दाखवला. गुंडी लागत नव्हती, पण ते सांगायची कुणाची छाती नव्हती.

असा हा गडी साठीकडे झुकला आणि त्याचा उजवा खांदा धरला. हे आम्हाला कळलं तेही उशिरा, कारण काका कबूल करणाऱ्यातले नव्हते. एकाएकी त्यांना गावातल्या तरण्या पोरांना वल्हं शिकवायची हौस आली. "ये, बस, शिक जरा. नुसता खातोस." पोरगा वल्हं मारायचा आणि काका शेजारी बसून त्याला शिव्या द्यायचे. महिनाभराने तेरेझामावशीच म्हणाली, "आता गावात कोन शिकायचा रायला, इनास? फादर?" काका हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी एकट्याने होडी नेली आणि धक्क्याला लावल्यावर बराच वेळ उठले नाहीत. मला फार वाईट वाटलं. पण त्यांना विचारायची सोय नव्हती.

बेटावर कुजबुज सुरू झाली. तरीचं काम कुणा दुसऱ्याकडे द्यावं का? दुमिंगचं नाव निघालं. दुमिंग काकांच्या शेजारचा, पस्तिशीचा, शांत, कामाला वाघ. त्याची होडी मासेमारीची. तिची मागची फळी बुटकी होती, कारण जाळं तिच्यावरून आत ओढावं लागे आणि फळी उंच असली की कंबर मोडे. पण दुमिंग काकांसमोर नजर वर करायचा नाही. "काका हायत तवर मी नाय," एवढंच म्हणायचा.

मग नाताळला काकांचा भाचा रॉकी आला. हा मुंबईत माझगावकडे एका वर्कशॉपात कामाला होता. बापाच्या वळणावर गेलेला, चणीने बारका, बोलायला चटपटीत. त्याने मामाचा खांदा पाहिला आणि म्हणाला, "मामा, टेन्शन कशाला? होडीच्या मागे लावायची मोटार मिळते. सेकंडहँड, एकदम फर्स्टक्लास. रॉकेलवर चालते. सगळा गाव बघत राहील."

'सगळा गाव बघत राहील' हे काकांना पटलं.

"पण साइज सांगा," रॉकी म्हणाला. "दोन टाइपच्या येतात. एक आखूड दांड्याची, एक लांब दांड्याची. दांड्याच्या टोकाचा पंखा पाण्यात जायला पाहिजे, म्हणून मागच्या फळीची उंची बघून घ्यावी लागते. फळी पंधरा इंच असेल तर आखूड, वीस इंच असेल तर लांब. तुमची फळी किती आहे?"

"एक हात," काका म्हणाले.

रॉकीला गाडी पकडायची घाई होती. होडी त्या वेळी चिखलात, धक्क्याच्या पलीकडे उभी. तो मुंबईला गेला. दुकानात त्याने आपला हात टेबलावर ठेवला, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत पट्टी लावली. सोळा इंच भरले. म्हणजे आखूड दांड्याची. इंचभर इकडेतिकडे चालतं, असं दुकानदारही म्हणाला. इनासकाकांचा हात वीस इंचांचा आहे हे रॉकीला तरी कुठे माहीत असणार? लहानपणापासून त्याने तो हात फक्त वर उगारलेला पाहिला होता.

मोटार आली त्या दिवशी आम्ही शाळेला अर्धी सुट्टी दिली. मस्टरवर कारण काय लिहायचं ते मुख्याध्यापकांनी मलाच विचारलं, आणि मी सांगितलं, पाणी फिरलं होतं. धक्क्यावर झेंडूच्या माळा, होडीला नवा रंग, बेटावरचे दोन पोरगे ढोल घेऊन हजर. फादर पांढरा झगा सावरत पायऱ्या उतरले, प्रार्थना म्हटली, मोटारीवर पवित्र पाणी शिंपडलं. काकांनी नवा शर्ट घातला होता, तोच, गुंडी न लागणारा. रॉकीने मोटार मागच्या फळीवर चढवून स्क्रू आवळले आणि दोरी ओढली.

केवढा आवाज झाला! बगळे उडाले, तेरेझामावशीने छातीवर क्रूस काढला, पोरांनी टाळ्या पिटल्या. मागे पाण्याचा नुसता फेस. मोटार किंचाळत होती, धूर निघत होता, आणि होडी जागच्या जागी. पाणी घुसळलं जात होतं, पण होडी वीतभरही सरकली नाही.

रॉकीने वाकून पाहिलं. पंखा जेमतेम पाण्याला शिवत होता. अर्धी पाती हवेतच फिरत होती.

"मामा," तो हळूच म्हणाला, "फळी किती म्हणालात?"

"एक हात."

रॉकीने आपला हात फळीला लावला. फळी त्याच्या बोटांच्या वर चार बोटं उरली. त्याने मामांच्या हाताकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. सगळ्यांना एकाच वेळी कळलं. हसायचं की नाही याचा निर्णय होईना. शेवटी फादरच आधी हसले आणि मग धक्का हसत सुटला. काका एकटे हसले नाहीत. ते म्हणाले, "फली बरोबर हाय. मोटार आखूड हाय." आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

दुकानदाराने ती मोटार परत घ्यायचं नाकारलं. लांब दांड्याची जुनी मोटार त्याच्याकडे नव्हती, आली तर कळवतो म्हणाला. रॉकी दर महिन्याला चौकशी करत राहिला. पण तोवर इनासकाका गप्प बसतात थोडेच? चार दिवसांत त्यांनी उपाय शोधला. माणसांची वजनं तर त्यांना पाठ होती. त्यांनी होडीची बैठक उलटी केली. जडजड माणसं मागे, हलकी पुढे. मागची बाजू पाण्यात दबली की पंखाही पाण्यात. तेरेझामावशीला मध्यावरून उठवून थेट मागच्या बाकावर बसवलं, तिच्या शेजारी गिरणीवाल्याची बायको. मोटार सुरू केली आणि काय सांगू, होडी नाक वर करून सुसाट निघाली.

तेव्हापासून मागचा बाक हा मानाचा झाला. तेरेझामावशी ताठ बसायची आणि सांगायची, "मी नाय तर मोटार नाय." ती बाजाराला गेली नाही त्या दिवशी काका तिच्या दारात जाऊन उभे राहत. "चल, काम नसलं तरी चल, जाऊन येऊ." एकदा तिला ताप होता तर तिच्या जागी मिठाची दोन पोती ठेवली होती. मावशीला ते कळलं, आणि ती दोन दिवस काकांशी बोलली नाही. मला राहून राहून वाटतं, माझ्या उभ्या नोकरीतले सगळ्यात मजेचे महिने तेच.

पण खाडी काही रोज शांत नसते. बेटाच्या पश्चिमेला खाडीचं तोंड. ओहोटीचं पाणी बाहेर जात असताना पश्चिमेचा वारा आत घुसला की तिथे लाटा उभ्या राहतात. अशी लाट होडीचा मागचा भाग उचलायची, पंखा हवेत यायचा, मोटार किंचाळायची आणि गरम होऊन बंद पडायची. पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी असंच झालं. होडीत फक्त शाळेची पोरं आणि मी. म्हणजे मागे दबायला कुणीच नाही. अर्ध्या वाटेत मोटार बंद पडली, होडी लाटांना आडवी झाली आणि ओहोटी आम्हाला खाडीच्या तोंडाकडे ओढू लागली. काकांनी वल्हं घेतलं. त्या माणसाने त्या दिवशी काय केलं ते मी पाहिलंय. दात आवळलेले, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून सगळं अंग वाकवून ओढ घेत होते आणि त्याच तालात गाणं म्हणत होते, चर्चमधलं. पोरांना वाटलं काका खुशीत आहेत. पोरंही गाऊ लागली. आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा त्यांचा हात सुटत नव्हता. मी एकेक बोट वल्ह्यावरून सोडवलं.

गावाने मग सरळच सांगितलं. फळी कापा. सुताराने पाहून सांगितलं, मधोमध चार-पाच बोटं खाच घेतली की मोटार खाली बसेल आणि पंखा पाण्यात राहील, अर्ध्या दिवसाचं काम. नाहीतर तरीचं काम दुमिंगकडे द्या. येत्या रविवारी मिस्सानंतर काय ते ठरवू.

"फलीला करवत लागनार नाय," काका म्हणाले.

सगळे म्हणाले, हट्टी म्हातारा. स्वतःच्या हाताचं माप चुकलं हे मान्य करायचं नाही, म्हणून अडून बसलाय. मलाही तसंच वाटत होतं, आणि मी रागावलेही होते. शनिवारी शाळा लवकर सुटली. पाणी अजून यायचं होतं. पोरं वर खेळत होती, धक्क्यावर मी आणि काका दोघंच. होडी चिखलात बसलेली. मी म्हटलं, "काका, चार बोटांचा तर प्रश्न आहे. त्यासाठी होडी सोडणार तुम्ही?"

त्यांनी समोरच्या तिवरांकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "आंतोन ठाव हाय तुला?"

मला ठाऊक नव्हतं.

"माजा धाकला भाव. तुज्या दुसरीतल्या पोरांयेवडा. बापाशीची पयली होडी होती, तिची फली बुटकी. दुमिंगच्या होडीची हाय तशी. आमी सनाला मामाकडं चाललो होतो. आय पुढं, मी मदी, आंतोन मागं, फलीला पाठ लावून. त्याला मागं बसायला आवडायचं, पान्यात हात घालता येतो म्हून. पुढून येनारी लाट दिसते, बाय. मागून येनारी दिसत नाय. ती फलीवरून आत आली. होडी अर्धी भरली. बापाशीनं वल्हं सोडून पानी उपसलं, आयनं मला धरला. मग आमी मागं बघितला."

 खाली चिखलात खेकडे पळत होते.

"बापाशीनं ती होडी जालली," ते म्हणाले. "नवी बांधली. सुतारानं इचारला, मागची फली किती? बापाशीनं हात उभा धरला. येवडी. सुतार बोलला, कशाला येवडी, वल्ह्याला आडवी येईल. तर बोलला, येऊं दे. माज्या होडीत मागून पानी येनार नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुजी पोरं बसतात ना खाली वलीनं? ती फली त्यांच्यामागं हाय. ती मी कापू?"

 मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. काकांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्याकडे फेकला. त्याला मासळीचा वास होता.

रविवारी मिस्सा झाल्यावर गाव चर्चबाहेरच्या क्रुसापाशी जमला. मीही मुद्दाम आले होते. माझ्या मनात होतं की आंतोनचं काका सगळ्यांना सांगतील आणि विषय संपेल. पण त्यांनी त्याचं नावही काढलं नाही. जुन्या माणसांना ते माहीत असेलच, पण तीही माणसं गप्प होती. काका उभे राहिले आणि म्हणाले, "माजा हात गेला. पोरांना पलीकडं न्यायला मोटार पायजे. मोटार आखूड हाय, माज्या फलीला बसत नाय. दुमिंगच्या फलीला बसते. मोटार दुमिंगला द्या. तरीचं काम बी त्यालाच द्या."

दुमिंग चटकन उठला. "काका, मी कायच नाय मागितला."

"मी देतो ना. गप बस." मग म्हणाले, "लांब दांड्याची मोटार आली का तुजी फली वाढव. हातभर. तवर माज्या दोन अटी. वारा बगून होडी सोडायची का नाय, ते मी ठरवनार. आनि मोटारीच्या बाजूला, मागं, पोर बसायचं नाय. तिथं मी बसनार."

"तुमी?" दुमिंग म्हणाला. "रोज?"

"रोज."

 तेरेझामावशीने तेवढ्यात विचारलं, "आनि मी कुठं बसू?"

"तू पुढं," काका म्हणाले. "मी मागं बसलो का तू पुढंच पायजेस. नाय तर फली पान्याला लागेल."

मावशीचा मागचा मान असा गेला आणि तिने तो बरेच दिवस मनाला लावून घेतला. पण पुढे बसू लागली.

ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या जागा ठरवल्या, तो आता दुसऱ्याच्या होडीत बसून जाऊ-येऊ लागला. मला वाटलं होतं, चार दिवसांत कंटाळतील, नाहीतर दुमिंगला सळो की पळो करून सोडतील. पण तसं झालं नाही. मोटारीच्या एका बाजूला दुमिंग, तिची मूठ धरून पुढे बघणारा. दुसऱ्या बाजूला काका, त्या बुटक्या फळीला आपली रुंद पाठ टेकून. मांडीवर पाणी उपसायचा पत्र्याचा डबा. फळीच्या वर जेवढी उणीव होती तेवढी त्यांची पाठ भरून काढत होती. तीन पावसाळे ते असे बसले. लांब दांड्याची मोटार आज येते, उद्या येते, असं रॉकी सांगत राहिला.

माझी बदली विरारला झाली. शेवटच्या दिवशी पोरांनी मला कागदाची फुलं दिली. मुख्याध्यापकांनी भाषण केलं आणि ते थोडं लांबलं. आम्ही निघालो तेव्हा ओहोटी लागलेली, वारा पश्चिमेचा. धक्क्यावर उभं राहून काकांनी बराच वेळ पाणी पाहिलं. मग मान हलवली. "जाऊ. सावकास." पोरं खाली ओळीने बसली, तेरेझामावशी पुढे, मी मधे, उजव्या अंगाला. काका सगळ्यात शेवटी चढले आणि आपल्या जागी बसले. समुद्राकडे पाठ करून.

अर्ध्या वाटेत लाटा आल्या. मी मागे तोंड करून बसले होते, म्हणून मला दिसत होत्या. काकांना दिसत नव्हत्या आणि ते वळूनही बघत नव्हते. ते पोरांकडे बघत होते. एक लाट उठली, फळीएवढी झाली, फळीच्या वर आली आणि त्यांच्या पाठीवर फुटली. पाणी दोन्ही खांद्यांवरून ओघळून खाली आलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले, डब्याने पाणी बाहेर टाकलं. खाली बसलेली पोरं हसत होती. त्यांच्या अंगावर चार थेंब उडाले असतील.

दुमिंगला मोटार सोडून मागे बघता येत नव्हतं. त्याने पुढे बघतच हाक मारली, "काका?"

"हाय," काका म्हणाले.

पुन्हा एक आली. पुन्हा तसंच. तेव्हा मला कळलं की हे त्यांचं रोजचं चाललेलं असणार. प्रत्येक लाटेनंतर दुमिंग हाक मारणार आणि प्रत्येक वेळी मागून उत्तर येणार. पलीकडचा धक्का जवळ येत होता. मला उतरल्यावर त्यांना काय काय सांगायचं होतं, ते सगळं मनात जुळवत मी त्यांच्याकडे बघत होते. तेवढ्यात त्यांच्यामागे आणखी एक उभी राहिली, आधीच्या दोघींपेक्षा मोठी. मी तोंड उघडलं. त्यांनी माझा चेहरा पाहिला, त्यात काय दिसायचं ते त्यांना दिसलं, आणि त्यांनी दोन्ही हात फळीवर पसरून पाठ आणखी ताठ केली.

लाट फुटली.

"काका?" दुमिंग म्हणाला.

"हाय रं," ते म्हणाले. "तू पुढं बग."